बाकी काही विशेष नाही

२००५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ नर्सिंग’मध्ये एका लहानशा प्रयोगाची हकिकत छापून आली. संशोधकांनी बारा रुग्ण कागदावर तयार केले. प्रत्येकाची माहिती आधीच ठरवून दिलेली. पाळी संपवणाऱ्यानं ती पुढच्या पाळीला सांगायची, त्यानं त्याच्या पुढच्याला, अशा एकामागून एक पाच फेऱ्या. लहानपणी ओळीत बसून कानगोष्टींचा खेळ खेळतात तसाच हा प्रकार, पण शेवटच्याच्या तोंडून भलतंच वाक्य निघालं म्हणून इथे हसायला कोणी बसलेलं नव्हतं. नुसतं तोंडी सांगितलं तेव्हा तीन फेऱ्यांत सगळी माहिती गळून गेली. ऐकता ऐकता हातानं टिपणं घेतली तेव्हा पाच फेऱ्यांनंतर ३१ टक्के उरली. टाइप केलेला कागद समोर ठेवून त्यावर बोलणं झालं, तेव्हा जवळजवळ काहीच हरवलं नाही.

तीन फेऱ्या म्हणजे आपल्याकडच्या वॉर्डातला जेमतेम एक दिवस. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट. पाच दिवस दाखल असलेल्या रुग्णाची सगळी कहाणी साधारण पंधरा वेळा एका परिचारिकेकडून दुसरीकडे जाते. मधे तो ऑपरेशन थिएटरला गेला, तिथून आयसीयूत आणि पुन्हा वॉर्डात आला, की आणखी तीन वेळा. सरकारी कागदपत्रांत या बायकांची नावं भारदस्त आहेत: अधिपरिचारिका, त्यांच्यावर परिसेविका, सगळ्यांच्या वर अधिसेविका. वॉर्डात मात्र सगळ्या ‘सिस्टर’ किंवा ‘स्टाफ’, आणि पाळी बदलताना जे घडतं त्याला म्हणायचं ‘ओव्हर’. ‘ओव्हर दिली का?’, ‘ओव्हर घेऊन येते.’ नातेवाइकांना एवढंच कळतं, की या अर्ध्या तासात कोणी सिस्टर जागेवर सापडत नाही आणि सलाईन संपलं तरी हाक ऐकायला उशीर होतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो गप्पांचा वेळ वाटतो.

गप्पा म्हणाव्यात तर त्यात मोजदादही असते. रिपोर्ट बुक उघडून सेन्सस जुळवायचा: किती दाखल, किती डिस्चार्ज, किती मृत्यू. मॉर्फिन-फेंटानिलसारख्या औषधांचं कपाट उघडून दोघींनी मिळून अँप्युल मोजायची आणि दोघींनी सही करायची. क्रॅश कार्ट, ऑक्सिजन, सक्शन चालू आहे का ते पाहायचं. कित्येक वॉर्डांत चादरी, कात्र्या, थर्मामीटर यांचीही गिनती असते, कारण कमी भरलं तर जाब द्यावा लागतो. ही मोजणी काही ठिकाणी रुग्णांपेक्षा जास्त वेळ खाते. हरवलेल्या थर्मामीटरची नोंद होते, पण एका पाळीत कुणाला तरी आलेली शंका पुढच्या पाळीत पोचलीच नाही, तर तिची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

छापील तक्ता दिला की प्रश्न सुटला, असं त्या प्रयोगावरून वाटेल. विसरण्याचा प्रश्न सुटतो खरा. पण ओव्हरमधली मोठी अडचण वेगळी आहे आणि ती दाखवणारा अभ्यास डॉक्टरांवर झाला आहे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी लहान मुलांच्या विभागातल्या इंटर्न डॉक्टरांना, त्यांनी एकमेकांना रुग्ण सोपवल्यावर, वेगवेगळं गाठून विचारलं. सोपवणाऱ्याला प्रश्न: या रुग्णाबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती? ती समोरच्याला कळली असेल का? घेणाऱ्याला प्रश्न: तुला काय सांगितलं गेलं? २०१० साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. सर्वांत महत्त्वाची म्हणून जी गोष्ट सांगणाऱ्यानं निवडली, ती ६० टक्के वेळा समोरच्यापर्यंत पोचलीच नव्हती. सांगणाऱ्यांना मात्र ती पोचली असंच वाटत होतं. खोटं कोणी बोलत नव्हतं, हलगर्जीपणाही नव्हता. आपल्या डोक्यात जे लख्ख असतं ते दुसऱ्याच्याही डोक्यात असणार, असं माणूस धरून चालतो. एकाच कामातली, एकाच भाषेत बोलणारी, रोज भेटणारी माणसं तर हे जास्तच धरून चालतात. परिचारिकांमध्ये हे वेगळं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

मग ही ‘सर्वांत महत्त्वाची गोष्ट’ असते तरी कशी? उदाहरणादाखल एक रुग्ण कल्पू. बासष्ट वर्षांचे गृहस्थ, मोठ्या आतड्याचा तुकडा काढून टोकं जोडलेली, ऑपरेशनचा चौथा दिवस. संध्याकाळची सिस्टर रात्रीच्या सिस्टरला सांगते:

“बारा नंबर. आतड्याचं ऑपरेशन, चौथा दिवस. एनबीएम होते, आज घोट घोट पाणी सुरू केलंय. सलाईन चालू आहे, रात्री दहाचं अँटिबायोटिक द्यायचंय. कॅथेटर आहे. व्हायटल्स स्टेबल. बाकी काही विशेष नाही.”

यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. तपासनीस बसवला तर तो पूर्ण गुण देईल. आता चार्ट उलगडून पाहा. सकाळी नाडी ८४ होती, दुपारी ९६, संध्याकाळी सातला १०८. श्वास मिनिटाला १६ वरून २४ वर आलेले. लघवी सकाळच्या पाळीत ताशी पन्नास मिलिलिटर, आता तीस-पस्तीस. रक्तदाब उत्तम, ताप नावापुरता. आतड्याचा जोड सैल होऊन आतला द्रव पोटात झिरपू लागला, तर रक्तदाब कोसळण्याच्या कितीतरी आधी नाडी आणि श्वास वाढतात, लघवी कमी होते आणि माणूस अस्वस्थ होतो. प्रत्येक पाळीनं आपापला आकडा पाहिला, तो फार वाईट नव्हता, म्हणून ‘स्टेबल’ लिहिलं. चढण दिसायची तर तीन पाळ्या एका नजरेत याव्या लागतात, आणि पाळी बदलते नेमकी तिथेच ती नजर तुटते. नवी सिस्टर १०८ पासून सुरुवात करते. तिच्यासाठी तोच पाया. तासाभरानं ११० झाली तर ती म्हणणार, फारसा फरक नाही.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली अशा आकड्यांना गुण देण्याची एक सारणी आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान, रक्तातला ऑक्सिजन, शुद्ध यांतलं जे जितकं बिघडलं त्याला तितके गुण, आणि बेरीज पाचवर गेली की डॉक्टरनं तातडीनं यायचं. उपयोगी वस्तू आहे. पण आपल्या बारा नंबरला ती सारणी लावली तर नाडीचा एक आणि श्वासाचे दोन, असे तीनच गुण होतात. घंटा वाजणार नाही.

घंटा वाजू शकते ती संध्याकाळच्या सिस्टरच्या डोक्यात. सकाळी हेच गृहस्थ नातवाच्या शाळेबद्दल बोलत होते, आता कूस बदलत राहतात, बायकोवर उगाच चिडले. नेदरलँड्समध्ये संशोधकांनी या ‘उगाच वाटण्या’चा गांभीर्यानं पाठपुरावा केला. परिचारिकेला एखाद्या रुग्णाची काळजी वाटते तेव्हा तिनं नक्की काय पाहिलेलं असतं? त्यांनी नऊ खुणा काढल्या. श्वासातला बदल, रक्ताभिसरणातला बदल, थंडी वाजून येणं, बोलण्या-समजण्यातला फरक, अस्वस्थपणा, दुखणं, अपेक्षेप्रमाणे सुधारणा न होणं, रुग्णानं स्वतः ‘मला बरं वाटत नाही’ म्हणणं, आणि नववी खूण म्हणजे कारण सांगता येत नाही पण काहीतरी बिनसलंय अशी परिचारिकेची जाणीव. ही शेवटची खूण एका वैद्यकीय यादीत सन्मानानं बसली, याचं मला विशेष वाटतं. आपल्याकडे तिला ‘सिस्टरला उगाच भीती वाटते’ म्हणून उडवून लावणारे कमी नाहीत.

तर तीच ओव्हर अशीही देता येते:

“अगं, बारा नंबरकडे आधी चल. व्हायटल्स तशी ठीक आहेत, पण नाडी सकाळी ८४, दुपारी ९६, आत्ता १०८. श्वास चोवीस. लघवी माझ्या पाळीत कमी झालीय. सकाळी गप्पा मारत होते, आता तळमळतात. रेसिडेंट डॉक्टरांना कळवलंय, येतो म्हणाले. नऊपर्यंत आले नाहीत तर परत फोन कर. लघवी तासाला तीसच्या खाली गेली किंवा पोट ताठ लागलं, तर वाट बघत बसू नकोस, सरळ वरच्यांना कळव.”

वेळ अर्ध्या मिनिटाचा. यात दहाच्या अँटिबायोटिकचा उल्लेखही नाही, कारण ते चार्टवर लिहिलेलं आहे आणि रात्रीची सिस्टर चार्ट वाचू शकते. तोंडानं सांगायचं ते कागदावर नसलेलं: मला काय खटकतंय, मी काय केलंय, काय राहिलंय, आणि अमुक झालं तर तू काय करायचंस. तरीही बहुतेक ओव्हर रोगाचं नाव, औषधं आणि नळ्यांची संख्या यांतच संपते, कारण ते सांगायला सोपं असतं आणि त्यात चुकण्याची भीती नसते. शंका बोलून दाखवायची तर ती खोटी ठरण्याची तयारी लागते.

ही तयारी व्हावी म्हणून जो साचा जगभर पसरला त्याचं नाव ‘एसबार’. चार पायऱ्या: आत्ता काय घडतंय, त्यामागची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, काय करायला हवं. हे बोलण्याचं वळण अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरचं. कैसर पर्मनेंटे या अमेरिकी आरोग्यसंस्थेत मायकेल लिओनार्ड हे डॉक्टर आणि पाणबुडीवर काम केलेले डग बोनॅकम यांनी सहकाऱ्यांसह ते रुग्णालयात आणलं. मुळात ते परिचारिका आणि डॉक्टर यांच्यातल्या बोलण्यासाठी होतं, पाळीबदलासाठी ते नंतर वापरात आलं. परिचारिकांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, की निदान तुम्ही करायचं नाही, जे दिसलं ते सांगा. डॉक्टरांना सवय मथळ्याची. मग सिस्टर लांबून सुरुवात करते आणि डॉक्टर मधेच तोडतात. एसबारची तिसरी आणि चौथी पायरी परिचारिकेला मत द्यायला भाग पाडते, आणि मत मागितलं गेलंय म्हणजे ते दिल्याबद्दल कोणी डोळे वटारायचे नाहीत, हेही त्यात आलं.

आपल्या वॉर्डात चौथी पायरी सर्वांत अवघड. “सर, बारा नंबरला जरा बघून जाता का?” या नम्र वाक्यात काळजी किती, घाई किती, काहीच कळत नाही. “सर, बारा नंबरचा जोड सुटलाय की काय अशी मला शंका आहे, दहा मिनिटांत या” असं म्हणायला नोकरीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला फार धीर लागतो. परिचारिकांमध्येसुद्धा उतरंड असते. सिनियर सिस्टर ओव्हर देत असेल तर नवी मुलगी मान डोलावते आणि न कळलेलं नंतर मावशींना विचारते.

मान डोलावणं हाच ओव्हरमधला खरा धोका, असं माझं मत होत चाललंय. ओव्हर कशी द्यावी यावर पुष्कळ लिहिलं-शिकवलं जातं, घ्यावी कशी यावर त्या मानानं फारच थोडं. एमिली पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. टेक्ससमधलं नासाचं नियंत्रण केंद्र, कॅनडातली अणुवीज केंद्रं, रेल्वेचा आणि रुग्णवाहिकांचा नियंत्रण कक्ष, अशा जिथे चूक महागात पडते त्या जागी पाळी कशी बदलते, हे त्यांनी पाहिलं. नवा माणूस आल्याबरोबर ऐकत बसत नाही. तो आधी मागच्या पाळीच्या नोंदी स्वतः चाळतो, मग समोरासमोर बसून प्रश्न विचारतो. आणि परिस्थिती नाजूक असेल तर कामाचा ताबा लगेच बदलतच नाही, जुना माणूस थांबतो. नोंदी चाळल्या असतील तरच प्रश्न सुचतात. रात्रीच्या सिस्टरनं चार्ट आधी पाहिला असता, तर पहिल्या प्रकारची सपाट ओव्हर मिळूनसुद्धा तिनं विचारलं असतं, “स्टेबल म्हणतेस, मग नाडी का चढतेय? पोटाला हात लावून पाहिलास?” चांगली घेणारी असेल तर वाईट दिलेली ओव्हरही सुधारते. उलटं होत नाही.

पाळीबदलात न पोचलेली एक गोष्ट किती लांब जाते, याचं उदाहरण रुग्णालयाबाहेरचं आहे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या तेलफलाटावर दिवसपाळीनं एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली आणि तिथे तात्पुरतं झाकण बसवलं. रात्रपाळीला ते कळलं नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा चालू केला. वायू गळला, स्फोट झाले, १६७ माणसं गेली. चौकशीत इतरही अनेक दोष निघाले, पण साखळीतली एक कडी ही होती. कागद होता, योग्य माणसापर्यंत तो पोचला नव्हता.

घेणाऱ्याला कामाला लावणारा साचाही आहे. ‘आय-पास’ नावाचा. रुग्ण किती गंभीर आहे इथून तो सुरू होतो, मग थोडक्यात माहिती, करायच्या कामांची यादी, ‘असं झालं तर तसं’ची तयारी, आणि शेवटी घेणाऱ्यानं सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत मुलांच्या विभागातल्या निवासी डॉक्टरांवर तो वापरून पाहिला गेला आणि २०१४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आले. १०,७४० दाखल रुग्णांच्या नोंदी तपासल्या. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, टाळता येण्यासारखे अपाय ३० टक्क्यांनी. आणि वेळ? दर रुग्णामागे आधी २.४ मिनिटं लागत, नंतर २.५. परत सांगण्यात वेळ जातो ही तक्रार त्यामुळे फारशी टिकत नाही. आपल्याकडे अडचण वेगळीच. ऐकलेलं परत म्हणून दाखवणं शाळकरी वाटतं, सिनियरपुढे तर जास्तच. पण अंकांच्या बाबतीत तरी ते हवंच. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ गोंगाटात सारखेच ऐकू येतात, आणि इन्सुलिनच्या बाबतीत या दोहोंमधला फरक जिवावर बेततो.

गोंगाटाचा मुद्दा सर्वांत मजेदार पद्धतीनं ऐरणीवर आणला तो लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयानं. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर बाळाला आयसीयूत हलवताना नळ्या, पंप, व्हेंटिलेटर, तारा सगळं एका यंत्रावरून दुसऱ्यावर घ्यायचं आणि त्याच वेळी बाळाची माहितीही द्यायची. एकाच वेळी पाच जण बोलणार. तिथले सर्जन मार्टिन एलियट आणि अतिदक्षता विभागाचे ॲलन गोल्डमन यांनी एकदा दमून टीव्हीसमोर बसलेले असताना फॉर्म्युला वन शर्यत पाहिली. गाडी खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये, येते. ठरलेली माणसं ठरलेलं काम न बोलता करतात, सेकंदांत गाडी बाहेर. त्यांनी फेरारीच्या लोकांशी बोलून आपली पद्धत बदलली. आधी यंत्रं जोडायची, ते होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मग प्रश्न आणि पुढचा बेत. सूत्र कोणाच्या हाती हे आधीच ठरलेलं. २००७ साली आलेल्या अहवालाप्रमाणे दर हस्तांतरणामागे तांत्रिक चुका सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आल्या, माहितीतल्या गाळलेल्या गोष्टी २.०९ वरून १.०७ वर. वेळही थोडा वाचला.

आपल्या जनरल वॉर्डात ओव्हर चालू असताना फोन वाजतो, एक्स-रेला न्यायला मामा स्ट्रेचर घेऊन येतात, फार्मसीचा माणूस इंडेंटवर सही मागतो, आणि “सिस्टर, यांना पाणी देऊ का?” हे तर दर दोन मिनिटांनी. प्रत्येक वेळी वाक्य तुटतं आणि दोन शब्द अलीकडून किंवा पलीकडून पुन्हा सुरू होतं.

या कटकटीला कंटाळून ओव्हर ड्युटी रूममध्ये दार लावून घेण्याचा मोह होतो. एकेकाळी ब्रिटन-अमेरिकेत ती टेपवर बोलून ठेवायची पद्धतही होती. मग नव्या पाळीनं ती ऐकायची. टेपला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून ती मागे पडली हे बरंच झालं. आता कल आहे तो खाटेपाशी जाऊन ओव्हर घेण्याकडे. ऑस्ट्रेलियानं २०११च्या राष्ट्रीय मानकांत हस्तांतरणाला स्वतंत्र प्रकरण दिलं आणि रुग्ण व नातेवाइकांना त्यात सहभागी करून घ्या म्हटलं. खाटेपाशी गेलं की सुजलेला हात दिसतो, म्हणजे कॅन्युला निघालीय. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, रिकामी दिसते. ड्रेनचा रंग दिसतो. शिवाय ‘बारा नंबर’ दुपारी खाट बदलून चौदा नंबर झाले असतील तर तेही समजतं. खाटेच्या क्रमांकावरून माणूस ओळखण्याची आपली सवय किती घातक आहे ते तिथेच कळतं. आणि रुग्ण स्वतः म्हणतो, “सिस्टर, ती गोळी मला सकाळी दिलीच नाही.”

पण आपले जनरल वॉर्ड म्हणजे एका दालनात तीस-चाळीस खाटा. खाटेपाशी बोललेलं शेजारचे चार रुग्ण आणि त्यांचे आठ नातेवाईक ऐकतात. कर्करोगाचं निदान घरच्यांनी रुग्णापासून लपवलेलं असतं, कुणी विष घेतलेलं असतं. एचआयव्हीबाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७च्या कायद्यानं मनाईच आहे. त्यामुळे असं नाजूक बोलणं आधी टेबलापाशी हळू आवाजात उरकून मग फेरी घेणं, ही जुन्या परिसेविकांची रीत मला शहाणपणाची वाटते.

आणखी एक गळती आपल्या शहरांतली खास. मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत केरळच्या परिचारिका पूर्वीपासून आहेत, आता ईशान्येकडच्याही येतात. ओव्हर इंग्रजी-हिंदीत चालते. आजी मराठीत सांगतात, “जीव घाबराघुबरा होतोय, छातीत काहीतरी भरून आल्यासारखं वाटतंय.” ओव्हरमध्ये त्याचं ‘पेशंट अँक्शस’ होतं, पुढच्या पाळीत ते झोपेच्या गोळीवर जाऊन थांबतं. आजींनी सांगितलेलं हृदयविकाराचं लक्षण असू शकत होतं. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवणं याला पर्याय नाही, मग ते देवनागरीत लिहा की रोमनमध्ये.

एवढं सगळं सांगितल्यावर एक कबुली या विषयाच्या वतीनं द्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली रुग्णसुरक्षेचे जे नऊ उपाय सुचवले त्यांत हस्तांतरणातलं बोलणं आहे. तरीही परिचारिकांची कोणती ओव्हर-पद्धत सर्वांत चांगली, हे शोधायला कॉक्रेनच्या अभ्यासकांनी २०१४ साली जगभरचं संशोधन चाळलं, तेव्हा त्यांच्या निकषांत बसणारा एकही प्रयोग त्यांना मिळाला नाही. आकडे आहेत ते मुख्यतः डॉक्टरांचे. ज्यांच्या हाती रुग्ण चोवीस तास असतो त्यांच्या बोलण्याची कुणी तितकी काटेकोर मोजणी केली नव्हती. यात नवल वाटायचं कारण नाही, पण राग यायला हरकत नसावी.

मोजमापात न बसणारं आणखी काही त्या अर्ध्या तासात घडतं. दोन महिने वॉर्डात असलेली मुलगी दुपारी गेली, तर इव्हिनिंगची सिस्टर ओव्हरमध्ये ते सांगताना मधेच थांबते. कोणी पाण्याचा ग्लास पुढे करतं. मग पुढची खाट. कोणा डॉक्टरची नक्कल होते, हशा पिकतो. नवी मुलगी इथेच शिकते, की कुठल्या ड्रेनचा कुठला रंग चांगला नाही. साचे आणणारे व्यवस्थापक हे सगळं फाफटपसारा म्हणून छाटू पाहतात. ते छाटलं तर घरी जाताना माणूस काय घेऊन जातो याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

आता हिशोब. आय-पासची अडीच मिनिटं धरली आणि रात्री वॉर्डात चाळीस रुग्ण असले, तर ओव्हरला शंभर मिनिटं लागतील. दोन पाळ्या एकमेकींवर चढतात त्या अर्ध्या तासाला चाळीसनं भागलं तर रुग्णामागे येतात पंचेचाळीस सेकंद, तेही अँप्युल मोजण्यात एक मिनिटही गेलं नाही असं धरून. पंचेचाळीस सेकंदांत प्रश्न विचारायला जागा नाही, म्हणून ‘बाकी काही विशेष नाही’ हेच वाक्य सोयीचं पडतं. पाळ्या एकमेकींवर चढतच नसतील तर ओव्हर चालते परिचारिकेच्या स्वतःच्या वेळात, लोकल चुकवून, आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, शिक्षण-रुग्णालयात तीनांमागे एक, वर रजेसाठी तीस टक्के राखीव. पाच रुग्ण गुणिले अडीच मिनिटं, म्हणजे साडेबारा मिनिटं. प्रत्येक पाळीत एवढं प्रमाण पाळलं तर अर्ध्या तासात ओव्हर होईल, प्रश्न विचारून होतील, बारा नंबरच्या पोटाला दोघींचा हात लागेल आणि थर्मामीटर मोजायलाही वेळ उरेल.